नाव घे, मंग आत ये

“नाव घे वं, मंगच आत ये,” असं म्हणून गोपिकेनं दोन्ही हात चौकटीला लावले आणि भावजयीची वाट अडवली.

लग्नाला पाच महिने झालेली चंद्रकला पायरीवर उभी होती. तिच्या मागं मधुसूदन, छप्पन सालच्या एप्रिलात, नागपूरच्या उन्हात कोट-टाय घालून. खापरखेड्याच्या वीजघरातला हा इंजिनियर. यंत्रांचं शिक्षण घ्यायला त्याला हॅम्बुर्गला धाडलं, तर पठ्ठ्या नव्या बायकोलाही बोटीनं घेऊन गेला. शिक्षण ते शिक्षण, वर मधुचंद्र. कोष्ट्यांच्या त्या गल्लीतून एवढ्या लांब हनीमूनला कोणी गेलेलं नव्हतं, त्यामुळे घरोघरचे माग थांबवून बाया बघायला जमल्या होत्या.

एरवी नवऱ्याचं नाव बायकोनं तोंडातून काढायचं नाही. हाक मारायची तर ‘अजी’. दारात मात्र तेच नाव उखाण्यात गुंफून घ्यायचं, त्याशिवाय नव्या सुनेचं पाऊल घरात नाही.

“मी सुरुवात करून देतो,” मधुसूदन हसत म्हणाला.

“तू गप्प बैस गा,” गोपिकेनं त्याला दटावलं. “हे बायांचं काम हाय. घे वं चंद्रकले. सात समुद्र ओलांडून पाहिलं हॅम्बुर्ग गाव... आता पुढचं तू म्हण.”

“नाही म्हणत.”

बाया खुदकन हसल्या. नव्या नवरीनं आढेवेढे घ्यायचेच असतात.

“लाजून राहिली वाटते,” कोणीतरी म्हणालं.

“लाजत नाही,” मधुसूदनकडं हात करून चंद्रकला म्हणाली. “यायचं नाव मी घेणार नाही.”

हसू तिथंच थांबलं. सासू रुख्माबाई गोपिकेला सारून पुढं आली. “काहून घेणार नाही वं? नवऱ्याचं नाव न घेता आत येशील, तं या घरात कोण म्हणून राहशील?”

“ते यायलेच विचारा, आत्याबाई. तिथं मी कोण म्हणून राहिली ते.”

मधुसूदन घाईनं म्हणाला, “आई, थकली हाय ते. येऊ दे आत.”

“थांब गा. तू सांग वं, काय झालं?”

चंद्रकलेनं आवाज चढवला नाही, पण हळूही ठेवला नाही.

“बंदराजवळ एका बाईच्या घरी उतरलो. पहिल्या दिवशी यायचं ताट टेबलावर लागलं, अन् घरमालकिणीनं मले सैपाकघरात नेलं. मले वाटलं, आपल्यासारखंच हाय. माणसं आधी जेवतात, बाया मागून. बरंच वाटलं मले. मंग तिनं भांडी दाखवली, म्या घासली. लोकाच्या घरी बसून खाणं बरं नाही, म्हणून फरशी बी पुसली. निजाले सैपाकघरामागची खोली देली. हे म्हणे, साहेबलोकात नवराबायकोच्या खोल्या येगळ्याच असतात. असे बावीस दिवस काढले.”

एका म्हातारीनं तोंडाला पदर लावला.

“मंग जबलपूरचे एक इंजिनियर आले, बायको घेऊन. ते बाई टेबलावर नवऱ्याच्या बाजूले बसली. म्या ताट नेलं, तं मले हिंदीत विचारते, ‘क्यों बाई, तुम्हारे साहब की शादी हुई कि नहीं?’”

मधुसूदनचं तोंड लालबुंद झालं. “तिथं सारे मोठाले साहेब होते. हे नऊवारी लुगडं, नाकात नथ, हातानं खाणं... लोक हसले असते. म्या काय सांगाचं होतं?”

“बायको हाय, एवढं सांगाचं होतं.”

आता तरी रुख्माबाई सुनेची कड घेईल असं बायांना वाटलं. पण ती मुलाची आई होती.

“एवढंच ना?” ती म्हणाली. “इथं काय आपण टेबलावर जेवतो? चाळीस वर्सं मी मागूनच जेवून राहिली. म्या नाव घ्याचं सोडलं का?”

“तुम्ही या घरची मालकीण म्हणून मागून जेवल्या.”

रुख्माबाई ओरडली. “नाव घे, नाही तं टांगा बोलाव अन् उमरेडले जाय बापाकडं. बिननावाची बाई माझ्या घरात येणार नाही!”

चंद्रकलेनं मधुसूदनकडं पाहिलं. त्यानं आता तरी एक शब्द बोलावा, एवढीच तिची इच्छा होती. तो जमलेल्या बायांकडं बघून ओशाळं हसत होता. तिला त्याची इतकी चीड आली की डोळ्यांत येऊ घातलेलं पाणी तिथंच आटलं.

“ठीक हाय,” ती म्हणाली. “घेते नाव.”

गोपिकेचा जीव भांड्यात पडला. मागच्या बाया ऐकायला पुढं सरकल्या.

चंद्रकला नवऱ्याकडं वळली. तिनं उखाणा घेतला नाही, नावापुढं ‘राव’ लावलं नाही.

“मधुसूदन,” ती म्हणाली, “सामान उचल अन् आत आण.”

गोपिकेचे हात आपोआप खाली आले आणि चंद्रकला उंबरा ओलांडून आत गेली. सगळ्यांच्या नजरा आता बाहेर उरलेल्या माणसावर होत्या. त्यानं आईकडं पाहिलं, बहिणीकडं पाहिलं, आणि मग तो खाली वाकला.