दाब, सोड

"दाब," गाडीखालून धर्मपाल म्हणाला.

उकंडराव पाटलाच्या कपाळाला आठी पडली. उभ्या जन्मात त्याला कोणी अरेतुरे केलं नव्हतं. पण गॅरेजात क्लचची हवा काढताना 'दाबा जी, सोडा जी' कोण म्हणतं? त्यानं मुकाट्यानं पेडल दाबलं.

"दाबलं."

"सोड."

क्लच जड जातो, गुडघा दुखतो, म्हणून खालचा सिलिंडर काढून मोठा बसवून घ्यायला पाटील ढाणकीहून थेट पांढरकवड्याला आला होता. नवा सिलिंडर बसला, तेल भरलं. आता नळीत अडकलेली हवा काढायला एकानं खाली निप्पल उघडायची, दुसऱ्यानं वर पेडल मारायचं. रोज पेडल मारणाऱ्या उत्तमसिंगला धर्मपालनं मुद्दाम चहाला पिटाळलं होतं. धर्मपालच्या काळ्या-तेलकट तोंडात आपल्याच गावच्या डोमाजीचा पोरगा पाटलाला काही दिसला नाही. धर्मपालनं मात्र त्याला गाडीतून उतरतानाच ओळखलं होतं.

छप्पन साली नागपूरहून बौद्ध धम्माची दीक्षा घेऊन आल्यावर डोमाजीनं पाटलाला 'जी' म्हणायचं सोडलं. "हो, पाटील" म्हणे, बस्स. पुढच्या उन्हाळ्यात पाटलानं त्याला भर दुपारी चावडीपुढे उभं केलं. "जी म्हण, अन् जाय घरी." डोमाजी म्हणाला नाही. दिवस कलता कलता कोसळला, तो पुन्हा उठलाच नाही. ऊन लागलं म्हणून गावानं हात झटकले. तेव्हापासून धर्मपालच्या पोटात एकच आग होती. या माणसाच्या तोंडून 'जी' ऐकायचा.

"दाब."

"दाबलं. अबे, किती हवा आहे?"

"लय आहे, पाटील. राह्यली तर घाटात गिअर पडत नाही. सोड. दाब."

ऊन डोक्यावर आलं. पाटलाचा सदरा घामानं चिकटला, गुडघा लटलटू लागला. टपरीवरचे ट्रकवाले बघत होते. उठून जावं, तर गाडी इथंच अडकते. धर्मपालला खालून त्याची धाप ऐकू येत होती अन् बरं वाटत होतं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटत होतं.

"दाब."

"दाबलं जी," पाटलाच्या तोंडून गेलं. "आता पाय नाही उचलून राह्यला जी. निघाली का हवा?"

धर्मपाल सरपटत बाहेर आला. त्यानं चिंधीला हात पुसले, दार उघडलं अन् पाटलाच्या डोळ्याला डोळा दिला.

"गाडीची हवा तर पहिल्या चार-दोन दाबातच गेलती, पाटील. बाकीचे सारे दाब डोमाजीचे."