तीनचा सात

"मॅडम, हा एक सात नंबरचा व्हॉल्व्ह बंद केला, तर अख्खं शहर पारोसं राहील का?"

मैत्रिणीशी, टिंगीशी पैज होती. प्रश्न विचारला, तर बसमधली खिडकीची जागा महिनाभर तिची. पाणीखात्याच्या हॉलमध्ये सहलीला आलेला अख्खा वर्ग खिदळला.

पण पडद्यावर दिसतच तसं होतं. प्रत्येक व्हॉल्व्हचा एक ठिपका, प्रत्येक पाइपाची एक रेघ. पहिल्या टाकीच्या ठिपक्यांवर रेघांची नुसती झुंबड, आणि बाकी पाच टाक्यांचे ठिपके सुटे, कोरडे ठणठणीत.

इंजिनियर मॅडम हसल्या नाहीत. "व्हॉल्व्हमनच्या वह्यांवरून हे भरलंय. वह्याच चुकीच्या. उद्या रद्दीत काढतोय."

मागे भिंतीला टेकून व्हॉल्व्हमन उभे होते. त्यांतल्या एकाने मान खाली घातली. ते तिचे पप्पा होते. बावीस वर्षांची वही होती त्यांची.

पैजेचा प्रश्न संपला होता. ती खाली बसलीच नाही.

"मॅडम, पाइपांची यादी दाखवाल?"

"बस गं," टिंगीने तिचा फ्रॉक ओढला. "खिडकी मिळाली ना तुला!"

यादी पडद्यावर आली. सात ते आठ. आठ ते नऊ. पुन्हा सात ते आठ.

"कुठला सात?" तिने विचारलं. "सात तर प्रत्येक टाकीला आहे! पप्पा, तुम्ही फोनवर कसं सांगता?"

सगळ्या माना मागे वळल्या. पप्पांनी घसा खाकरला. "तीनचा सात. नुसतं सात म्हटलं, तर माणूस भलत्याच रस्त्यात जाऊन खणत बसेल."

"वहीत टाकीचा नंबर पानाच्या डोक्यावर असतो, मॅडम," ती म्हणाली. "गोलात. लहानपणी ते गोल मीच काढायचे. टाइप करणाऱ्याने फक्त ओळी उचलल्या, डोकं तिथेच राहिलं!"

मॅडम हळूच म्हणाल्या, "ठिपक्यांना टाकी आणि नंबर दोन्ही दिलेत मी. रेघांना मात्र नुसता नंबर. म्हणून दिसेल तो पहिला सात धरला त्यांनी."

"मग रेघेच्या दोन्ही टोकांना टाकी लिहा ना!"

मॅडमनी पप्पांची, तिसऱ्या टाकीची वही मागवली. पानं उलटली. यादीत दोन नवे रकाने, दोन्हींत वरपासून खालपर्यंत तीन. माहिती पुन्हा डेटाबेसमध्ये चढवली.

तिसरी टाकी सरसर जोडली गेली. सातातून आठ, आठातून नऊ, पार शेवटच्या गल्लीपर्यंत. एकही ठिपका सुटा नाही, एकही रेघ जादा नाही. व्हॉल्व्हमननी अशा टाळ्या पिटल्या की टिंगीने कानांवर हात ठेवले.

मॅडमनी वही दोन्ही हातांनी पप्पांना परत दिली. मग तिच्याकडे वळल्या. "पाच वह्या उरल्यात. सुट्टीत येतेस? घरी विचारून सांग."

संध्याकाळी तिने दप्तर खुर्चीत टाकलं. "आई, पप्पा, सुट्टीत मी रोज पाणीखात्यात जाणार."

"अगं, मावशीकडे जायचं ठरलंय ना!" आई म्हणाली. "आधी विचारायची काही पद्धत?"

पप्पा वहीला नवं कव्हर घालत होते. ते गालातल्या गालात हसले.

"विचारायचं ते सकाळीच विचारून झालं, आई," ती म्हणाली. "हे सांगतेय."