संगं दिसतील तितकेच

रंगूबाई सकाळपासून चौथ्यांदा फाटकापर्यंत जाऊन आली. रस्त्यावर कुणी नव्हतं. ओसरीवर तिचा नवरा शालिग्राम कानटोपी घालून, मांडीवर वही घेऊन बसला होता. अंगणातल्या बोरीला टांगलेल्या ज्वारीच्या कणसांवर चिमण्या तुटून पडल्या होत्या आणि हा बाबा श्वास रोखून त्या मोजत होता.

"एकवीस," तो पुटपुटला.

"एकवीस कायच्या? आत्ता पन्नास तरी येऊन गेल्या."

"येऊन गेल्या त्या धराच्या नाई. तीच ते पुन्हा पुन्हा येते. एका टायमाले जितक्या संगं दिसल्या, तितक्याच लिवाच्या."

हा नियम पुण्याच्या नातीचा, निकिताचा. थंडीभर दर रविवारी अर्धा तास पाखरं मोजून तिच्या कॉलेजसाठी आकडे पाठवायचे होते. शालिग्रामनं बत्तीस वर्षं एसटीत कंडक्टरकी केलेली. पहिल्या रविवारी त्यानं कणसावर बसेल ती चिमणी नवा पॅसेंजर धरली आणि तीनशे बारा चिमण्या लिहून पाठवल्या. नात फोनवर हसून हसून बेजार झाली.

"आन् उडून गेल्या तं?" रंगूबाईनं उगाच विचारलं. तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

"गेल्या तरी लिवलेलं खोडाचं नाई. दिसल्या म्हंजे दिसल्या."

तिला त्या आकड्यांशी काही देणंघेणं नव्हतं. तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आत धाकटा मुलगा पवन बॅग भरत होता. नऊच्या जीपनं शेलूबाजार गाठून त्याला पुण्याची गाडी धरायची होती. आणि थोरला हरीओम मालेगावहून मोटारसायकलवर निघाला होता. चार वर्षं हे असंच चाललं होतं. एक गेल्याशिवाय दुसरा यायचा नाही. बांधावरची बाभूळ कुणी तोडली, एवढ्यावरून दोघांचं फिसकटलं. बाभूळ केव्हाच चुलीत जळून गेली, राग मात्र दोघांनी जपून ठेवला.

आज सकाळीही हरीओमनं फोनवर नेहमीचंच विचारलं होतं, "गेला काय तो?"

"हो, पयल्याच जीपनं गेला," रंगूबाई धडधडीत खोटं बोलली होती.

"माय, माहा एक बूट दिसून नाई राह्यला!" पवन आतून ओरडला.

"पाय नं खाटेखाली. कुत्र्यानं नेला असंन."

बूट पिठाच्या डब्यामागे होता. तिनंच ठेवला होता. नात कॉलेजात गेली आणि आजी बूट लपवत बसली. तिचं तिलाच हसू येत होतं आणि रडूही.

तव्यावरची भाकर करपली. ती उतरवून रंगूबाई पुन्हा बाहेर आली.

"तुमच्या नियमानं मंग," ती नवऱ्याला म्हणाली, "आपल्याले पोरगा एकच."

शालिग्रामची पेन्सिल थांबली. कणसांवर आणखी चिमण्या उतरल्या, दोन होले आले. त्यानं ते मोजले नाहीत.

पाराकडून जीपचा हॉर्न वाजला. पवन बॅग घेऊन बाहेर आला. "जाऊ दे तो बूट. बाबाची चप्पल घालून जातो."

"च्या तं पेऊन जाय."

"जीप हुकते माय," म्हणत तो तिच्या पायांशी वाकला.

तेवढ्यात फाटकाशी मोटारसायकल थांबली. सगळ्या चिमण्या एका झपाट्यात उडाल्या.

हरीओमनं गाडी बंद केली नाही. बॅग घेतलेल्या, बापाची चप्पल घातलेल्या भावाकडे त्यानं पाहिलं, मग आईकडे. "माय, तू तं म्हने..." पवननं मान वळवली. एकाचा पाय फाटकाच्या आत येईना, दुसऱ्याचा बाहेर पडेना. पाराकडून दुसरा हॉर्न आला.

रंगूबाईनं दोघांपैकी कुणालाच आवाज दिला नाही. ती नवऱ्याजवळ गेली आणि त्याच्या मांडीवरच्या वहीवर बोट ठेवलं.

"लिवा."

"काय लिवू? पाखरं तं सारे उडाले."

"दोन लिवा," ती म्हणाली. "आन् आता कोनी गेलं तरी खोडू नका."