बाईसाहेब घरी नाहीत

युद्धातही तगलेली नवऱ्याची लोकरीची गिरणी शांततेच्या दिवसांत बुडाली आणि घरची मोलकरीण निघून गेली, हे विनिफ्रेडने यॉर्कमध्ये कुणाला कळू दिलं नव्हतं. चहाच्या वेळी घंटा वाजली, तशी मोलकरणीची पांढरी टोपी कपाळावर ओढून तिनेच दार उघडलं. समोर शाळेपासूनची मैत्रीण, हेस्टर.

"बाईसाहेब घरी नाहीत," ती खालमानेने म्हणाली.

"परवाही नव्हत्या. फारच फिरतात गं तुझ्या बाईसाहेब." हेस्टर म्हणाली. "तू आमच्याकडे येतेस का कामाला? राहून-जेवून पगार."

हिने आपल्याला ओळखलंच नाही, की ओळखूनच विचारतेय? ही थट्टा आहे, की माया? विनिफ्रेडला काही उमगेना. आत बाळ रडायला लागलं.

"लेकरू सोबत आणलेलं चालेल का, बाईसाहेब?" तिने विचारलं.