ब्लँक कॉल

"हे बघा मावशी, आता समोरचा बोलला नाही की मशीन आपोआप फोन कापणार." सेक्रेटरींनी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. "ब्लँक कॉलची कटकटच संपली."

दुःखी माणसांचं फोनवर ऐकून घ्यायचं, एवढंच त्या संस्थेचं काम. एक टेबल, दोन खुर्च्या आणि भिंतीला ओल. जुना फोन सकाळीच काढून नेला होता. आता सगळे फोन इंटरनेटवरून येणार होते, आणि सेवाभावी संस्थांना ती सोय फुकट होती. फुकट म्हटल्यावर सेक्रेटरींनी फार चौकशी केली नाही. न बोलणाऱ्यांना गाळायचं का, असं मशीनने विचारलं, तेव्हा त्यांनी परस्पर 'हो' म्हणून टाकलं. ऐकण्यासाठी उघडलेल्या संस्थेत हे सुचायलाही डोकं लागतं.

मावशी निवृत्त नर्स. दुपारची पाळी त्यांची.

"माझी एक बाई आहे," त्या म्हणाल्या. "रोज दुपारी फोन करते. आजवर एक शब्द बोललेली नाही. मग मीच बोलत बसते, घरातलं काहीबाही. ती नुसती ऐकते. कधी रडते, तेवढं कळतं."

"नाव, पत्ता?"

"विचारलं की ठेवून देते. म्हणून विचारत नाही."

"मग अहवालात मी काय लिहू? आमच्या मावशी कुणाशी तरी घरच्या गप्पा मारतात? देणगीदार हसतील."

"हसू देत. तिने जिवाचं काही बरंवाईट करून घेतलं तर?"

सेक्रेटरी चिडून अहवालाचे कागद चाळू लागले.

दुपारी मावशी कानाला हेडफोन लावून बसल्या. एकही फोन वाजला नाही. पडद्याच्या कोपऱ्यात गाळलेल्या कॉलचा आकडा मात्र वाढत राहिला. कोणाचे, ते दिसायची सोय नव्हती. फोन करणाऱ्याचा नंबर पाहायचा नाही, हा संस्थेचा पहिल्यापासूनचा नियम. मावशी त्या आकड्याकडेच बघत बसल्या. सेक्रेटरी म्हणाले, मशीन छान काम करतंय.

संध्याकाळी ते खुशीत घरी आले. तरणीताठी मुलगी अपघातात गेली तेव्हापासून त्यांची बायको बोलत नव्हती. स्वयंपाक करायची, वाढायची, मान हलवायची. डॉक्टर झाले, औषधं झाली. शेवटी त्यांनी नाद सोडला आणि घरात एकट्यानेच बोलायची सवय करून घेतली. आजही जेवताना मशीनचं कौतुक सुरू झालं.

"कोण एक बाई आहे, तोंडातून शब्द काढत नाही आणि रोज मावशींची दुपार खाते. आता तिचा फोन लागणारच नाही."

बायकोचा हात ताटातच थांबला. तिने मान वर केली. इतक्या दिवसांनी निघालेला तिचा आवाज घोगरा होता.

"मावशींच्या सुनेचे दिवस भरत आलेत," ती म्हणाली. "काय झालं ते आता मला कोण सांगणार?"