उजवा पाय

मास्तरांची विद्यार्थिनी आज पहिल्यांदाच एकटी विमान घेऊन वर गेली. ते धावपट्टीच्या कडेला उभे होते. हातातल्या टॅबवर, प्रशिक्षणाच्या सॉफ्टवेअरमध्ये, तिच्या प्रगतीचे सगळे चौकोन हिरवे, प्रत्येक उड्डाणानंतर त्यांनीच कौतुकाने रंगवलेले. “मास्तर, श्वास घ्या की,” मेकॅनिक हसला. “सॉफ्टवेअरनं पास केलंय तिला, तुम्ही कशाला नापास झाल्यासारखे उभे?” ती उतरायला आली आणि नेमका वारा आडवा फिरला. विमानाचं नाक डावीकडे वळलं. “उजवं पेडल दाब, पोरी,” मास्तर पुटपुटले. नाक वळतच राहिलं. “मास्तर, तुमचा पाय!” मेकॅनिक म्हणाला. त्यांनी खाली पाहिलं. त्यांचा उजवा बूट आपोआप मातीत रुतत चालला होता. सरावात शेजारच्या सीटवरून, तिच्या पेडलला जोडलेलं त्यांचं पेडल दर लँडिंगला नकळत हाच पाय दाबत आला होता. आज तो पाय जमिनीवर होता.