मनीचं दुखणं

ओव्हनचं घड्याळ टणकन वाजलं आणि बेकरीवालीचं गुडघेपुराण अर्ध्यावर तुटलं. नियम म्हणजे नियम. दुपारी टोस्टचा शेवटचा ट्रे बाहेर आला की बेकरीच्या मागच्या खोलीत तिघी मैत्रिणी चहाला जमायच्या, आणि दुखण्याखुपण्याला प्रत्येकीला पाच मिनिटं मिळायची. त्यानंतर फक्त खाणं आणि पाळलेली जनावरं. हा कायदा सिस्टरचा. बत्तीस वर्षं हॉस्पिटलात नर्स म्हणून काढल्यावर चहाच्या कपात पुन्हा कुणाचं पित्त नको, असं तिचं म्हणणं.

सिस्टरने आपली कंबर तीन मिनिटांत उरकली. राहिली तिसरी. ती शाळेत खेळाची बाई होती, तीस वर्षं पोरींना मैदानाभोवती पळवलेली. म्हणून सगळे तिला कवायत म्हणत. रिटायर झाली तरी पाठ फळीसारखी ताठ. तिने आपली पाच मिनिटं आजवर एकदाही घेतली नव्हती. दुखणी तुम्हाला होतात, मला वेळ नसतो, हे तिचं ठरलेलं वाक्य. सिस्टरला ते ऐकून हसू यायचं, आणि थोडा रागही.

जनावरांना मात्र घड्याळ लागू नव्हतं. बेकरीवालीने आधी आपल्या कुत्र्याचे प्रताप सांगितले. पठ्ठ्याने अख्खा पाव कागदासकट गिळला होता आणि दोन दिवस तोंड पाडून बसला होता. मग कवायतने घसा साफ केला आणि आपल्या मांजराचा, मनीचा, विषय काढला. मनी हल्ली पाणी फार पिते, म्हणाली. रात्रीतून चार-चारदा उठते. खाणं राक्षसाचं, पण अंगाला काही लागत नाही, उलट सुकत चाललीय. बेकरीवालीने जागच्या जागी निदान केलं: जंत. कुत्र्याचं औषध अर्धी बाटली उरलंय, जाताना घेऊन जा. कवायतने नुसती मान हलवली. महिन्यापूर्वी मागच्या पायात खिळा घुसला होता, ती जखम काही केल्या भरत नाही, म्हणाली. आणि पायाला सारख्या मुंग्या येतात बिचारीच्या.

सिस्टरचा टोस्ट चहात विरघळून पडला. तो काढायचंही तिला सुचलं नाही. मांजराच्या पायाला मुंग्या येत असतील, नसतील. पण ते घरात कुणाला सांगायला जात नाही. तिने टेबलाखाली नजर टाकली. जन्मभर कॅनव्हासचे बूट घालणाऱ्या बाईच्या पायात आज सैल चपला होत्या, आणि उजव्या पायात तेवढा जाड मोजा.

बेकरीवालीच्या डोक्यातही काहीतरी अडखळलंच. मुंग्या येतात हे तुला कसं गं कळलं, असं तिने विचारायला घेतलं, तोच सिस्टरने टेबलाखाली तिचा पाय असा दाबला की बेकरीवालीच्या डोळ्यांत पाणी आलं. 

सिस्टरला भीती वाटली. असले पाय तिने वॉर्डात पाहिले होते. आधी बोट जातं, मग पाऊल. काट्याचा नायटा व्हायला वेळ लागत नाही. आणि ही बाई म्हणजे झाकली मूठ. दोन वर्षांपूर्वी चारचौघांत तिला नुसतं म्हटलं होतं, चेहरा सुजल्यासारखा दिसतोय, बीपी बघून घे. तर महिनाभर फिरकली नव्हती, आणि बीपी तर नाहीच बघितलं. आता महिनाभर रुसण्याइतका वेळ त्या पायाकडे नव्हता. खरं बोलावं तर मैत्रीण उठून जाणार, आणि गप्प बसावं तर तिचा पाय जाणार. पण हट्टी पेशंट वळवण्यात सिस्टरचा हात धरणारं त्या हॉस्पिटलात कुणी नव्हतं. अजूनही ती रोज सकाळी कोपऱ्यावरच्या लॅबमध्ये रक्त काढायला बसायची, आणि सुई कधी टोचली ते लोकांना कळायचं नाही.

तिने चहाचा एक घोट घेतला आणि वॉर्डातला आवाज लावला.

"मनीची साखर वाढलीय. घाबरायचं कारण नाही, पण आता एक दिवसही घालवायचा नाही. उद्या सकाळी सातला लॅबवर. जखम मी बांधते, रक्तही मीच काढते, आणि तिथून आपण सरळ डॉक्टरांकडे. रात्री नऊनंतर पोटात पाण्याशिवाय काही जाऊ द्यायचं नाही."

ते जंताचं औषध आपल्या कुत्र्यालाच पाज, असं तिने बेकरीवालीलाही सुनावलं. बेकरीवाली पाय चोळत होती.  चोळता चोळता कवायतसमोरची केकची बशी तिने हळूच आपल्याकडे ओढून घेतली.

कवायत ताठच बसून होती. कान लाल झाले होते.  उठली आता ही, सिस्टरला वाटलं. पण ती उठली नाही. तिने मोज्यातला पाय खुर्चीखाली ओढून घेतला आणि एरवी मैदानभर घुमणारा आवाज खाली आणत अगदी हळू विचारलं, "मनीला टोपलीतून आणू, की पिशवीतून?"

"तिला घरी दूध घालून ये," सिस्टर म्हणाली.